नऊ पिनचं सॉकेट, उंदराने खाल्लेली वायर: जुन्या व्हिडिओ गेमला कुठला रिमोट चालेल?

मिरजेचा_मारिओ

मंडळी नमस्कार. गावी घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून आमचा जुना व्हिडिओ गेम निघाला, नव्वदीतला, टीव्हीला लावायचा तोच. कंपनीचं नाव पार पुसलंय. बॉक्स चालू होतो, लाल दिवा लागतो, कॉन्ट्रा आणि मारिओ दोन्ही कॅसेटी चालल्या (हो, फुंकून). अडचण रिमोटची आहे. एकाची वायर उंदराने मधोमध खाल्लीये आणि दुसऱ्याचं ए बटण जीव खाऊन दाबलं तरच लागतं.

चुलतभावाकडे सेगाचा एक पॅड पडून आहे, त्याचं प्लगपण डिट्टो नऊ भोकांचं, नुसतं जवळ धरून बघितलं तर आमच्या बॉक्सला चपखल बसेल असं दिसतंय. लावू का? की कॉम्प्युटरचा यूएसबी पॅड आहे त्यालाच काही कनव्हर्टर वगैरे मिळतं? गणपतीत सगळी पोरं येणार आहेत, दोन रिमोट हवेतच, एकट्याने कॉन्ट्रा खेळण्यात काय अर्थ आहे. शिवाय बदकं मारायची गनही सापडलीये, ती टीव्हीसमोर धरली तर काहीच होत नाही, तिचंही जाणकारांनी सांगावं.

कॅसेटफुंक्या

आधी प्लगमध्ये फुंकर मारा. अर्धे आजार तिथेच जातात.

सोल्डरबाबा

मारिओभाऊ, सेगाचा पॅड लावू नका. निदान हा प्रतिसाद वाचून होईपर्यंत तरी नको.

ते नऊ पिनचं प्लग म्हणजे नुसता आकार आहे हो. १९७७ च्या अटारी २६०० ने ते जॉयस्टिकला वापरलं, मग ज्याने त्याने उचललं. कमोडोर, अमिगा, सेगा आणि शेवटी आपल्याकडे आलेले निन्टेन्डोच्या नकलेचे बॉक्स. पण कुठल्या पिनवर काय, ते ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवलं. अटारीच्या जॉयस्टिकमध्ये चिपच नाही. चार दिशा आणि एक फायर, पाच स्विच, प्रत्येकाची वेगळी वायर आणि सगळ्यांना मिळून एक ग्राउंड. बटण दाबलं की ती वायर ग्राउंडला टेकते, संपला विषय.

सेगा मेगा ड्राइव्हमध्ये (१९८८) बटणं झाली आठ, चार दिशा आणि ए, बी, सी, स्टार्ट, पण डेटाच्या वायरी सहाच. म्हणून पॅडच्या आत ७४१५७ जातीची एक निवड करणारी चिप बसवली. कन्सोल (म्हणजे बॉक्स) सातव्या पिनवर पाच व्होल्ट देतो तेव्हा पॅड बी आणि सी सांगतं, शून्य देतो तेव्हा त्याच वायरींवर ए आणि स्टार्ट सांगतं. पॅडला लागणारी वीज येते पाचव्या पिनवर.

तुमचा बॉक्स आतून फॅमिकॉम आहे, म्हणजे निन्टेन्डोच्या त्या जुन्या मशीनची नक्कल. त्याची पद्धत तिसरीच. जे बॉक्स मी उघडलेत त्यात पाच व्होल्ट सहाव्या पिनवर होते आणि ग्राउंड आठव्यावर. आता गंमत बघा, सेगाच्या पॅडमध्ये सहावी पिन हे त्याच्या चिपचं आउटपुट आहे. म्हणजे चिपच्या तोंडात उलट्या बाजूने पाच व्होल्ट कोंबायचे आणि तिची खरी वीज मात्र द्यायचीच नाही. नशीब चांगलं असेल तर काहीच होणार नाही, नसेल तर पॅडची चिप जाईल नाहीतर बॉक्समधला रेग्युलेटर तापेल.

आणि माझं ऐकून सहा नंबर धरून बसू नका. प्रत्येक कारखान्याने वेगळं केलेलं असू शकतं. मल्टिमीटर घ्या, बॉक्स चालू करा, काळी प्रोब एव्हीच्या पिवळ्या जॅकच्या बाहेरच्या कड्याला टेकवा आणि लाल प्रोबने रिकाम्या सॉकेटची एकेक पिन बघत जा. पाच व्होल्ट कुठे आहेत ते आधी कळू दे, मग पुढचं बोलू. प्रोबने दोन पिना एकदम टेकवू नका फक्त.

टोणगा

उगाच घाबरवताय राव. माझ्याकडे अटारी आहे, तिला मी गेली कित्येक वर्षं सेगाचंच पॅड लावून खेळतोय, ओरिजिनल जॉयस्टिकने मनगट दुखतं. काही झालं नाही, अटारीला नाही आणि पॅडलाही नाही. बसतंय तर लावा बिनधास्त.

सोल्डरबाबा

@टोणगा, अटारीला चालतं, त्याला कारण आहे. चार दिशांच्या पिना दोघांच्याही १ ते ४ त्याच क्रमाने आहेत, फायरची सहावी पिन सेगाच्या बी बटणाशी जुळते, आठवी ग्राउंड दोघांची. आणि अटारी सातव्या पिनवर पाच व्होल्ट देते, जी सेगाची निवड करायची पिन आहे. त्यामुळे पॅड कायम बीवालं उत्तर देत राहतं. पाचव्या पिनवरून वीज मिळत नाही तरी चिप त्या सातव्या पिनमधून चोरून वीज घेते आणि तेवढ्यावर भागवते. आकडा टाकून चालवल्यासारखं आहे ते, चालतंय म्हणून मंजूर झालं असं नाही.

हेच पॅड कमोडोर ६४ ला लावू नका मात्र. तिथे जॉयस्टिकच्या वायरी आणि कीबोर्डच्या वायरी एकाच चिपवर आहेत. साधा स्विच वायरीला फक्त ग्राउंडला ओढतो, सेगाची चिप मात्र वायर वरही ढकलते. कीबोर्ड वाचायला मशीन तीच वायर खाली ओढत असेल तर दोघांची रस्सीखेच होते आणि त्यात कमोडोरची आयओ चिप जाऊ शकते. ती आता नवीन बनत नाही.

टोणगा

बरं. अटारीपुरतं मी बरोबर आहे एवढं लिहून ठेवतो.

अवनी_फ्रेमवाली

वाचनखूण साठवली. सोल्डरबाबांनी 'पद्धत तिसरीच' म्हणून अर्ध्यावर सोडलंय ते पुरं करते, मी या मशीनसाठी छोटे छोटे प्रोग्राम लिहिते, हौस म्हणून.

फॅमिकॉम १९८३ चा, त्याची अमेरिकेतली आवृत्ती एनईएस १९८५ ची. पॅडला आठ बटणं. आठ बटणांना आठ वायरी ओढण्याऐवजी निन्टेन्डोने पॅडमध्ये एक ४०२१ नावाची साधी शिफ्ट रजिस्टर चिप टाकली आणि सगळं पाच वायरींत आटोपलं. वीज, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. कन्सोल लॅचच्या वायरीवर एक पल्स देतो, त्या क्षणी कुठली बटणं दाबलेली आहेत ते चिप धरून ठेवते. मग कन्सोल क्लॉक देत जातो आणि चिप एकेका बटणाची हजेरी देते. क्रम ठरलेला, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. हे सगळं साधारण प्रत्येक फ्रेमला (टीव्हीवरच्या एका चित्राला) एकदा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा. आपल्याकडचे पालवाले (पाल ही आपल्या टीव्हीची जुनी पद्धत) बॉक्स ५० वेळा.

म्हणजे पॅडला स्वतःची अक्कल काहीच नाही, विचारलं की सांगायचं. त्यामुळेच ते स्वस्तात नक्कल करता आलं आणि त्यामुळेच तुमचा उंदराने खाल्लेला रिमोट दुरुस्त होण्यासारखा आहे, पाचच वायरी तर जोडायच्यात.

एक गंमत सांगते. एनईएसच्या प्रोसेसरमध्ये आवाजाचे सॅम्पल वाजवायची सोय आहे (डीपीसीएम). सॅम्पलचा पुढचा तुकडा मेमरीतून आणायची वेळ आणि पॅड वाचायची वेळ जर नेमकी जुळली तर पॅडला एक क्लॉक जास्तीचा जातो. एक बटण गळतं, मागची सगळी एकेक जागा पुढे सरकतात आणि शेवटच्या 'उजवं' च्या जागी चिपमधून येणारा १ (म्हणजे 'दाबलेलं') दिसतो. म्हणजे तुम्ही काही न दाबता उजवं दाबल्यासारखं होतं! प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून सुपर मारिओ ब्रदर्स ३ पॅड पुन्हा पुन्हा वाचतो आणि लागोपाठ दोन वाचनं सारखी आली तरच मानतो.

वैतागवाडीकर

म्हणजे माझा मारिओ खड्ड्यात पडायचा तो माझा दोष नव्हता!! आत्ताच भावाला फोन करतो.

अवनी_फ्रेमवाली

पहिल्या मारिओमध्ये ते सॅम्पल वापरलेलेच नाहीत आणि तिसऱ्यात इलाज केलाय. दोष तुमचाच. हलके घ्या.

कॅसेटफुंक्या

ठ्ठो.

नाशिकचा_निंजा

जाता जाता, ते टर्बो ए आणि टर्बो बी कसं चालायचं? आमच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तासावर खेळायचं, तिथे दोन नंबरच्या टीव्हीच्या रिमोटलाच टर्बो होतं आणि त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. मालक म्हणायचा टर्बोने मशीन खराब होतं. जास्त पैसे लावायचा त्या टीव्हीला.

सोल्डरबाबा

मशीनला कळतही नाही हो टर्बो. पॅडच्या आतच एक ऑसिलेटर असतो, तो बटण सेकंदाला दहावीस वेळा दाबल्या-सोडल्यासारखं करतो, कन्सोलला वाटतं पोरगं फार चपळ आहे. ओरिजिनल फॅमिकॉमच्या पॅडला टर्बो नव्हताच. नकलेच्या पॅडमध्ये ४०२१ वेगळी दिसत नाही, बोर्डावर तो काळा गुळगुळीत ठिपका असतो ना, त्यातच शिफ्ट रजिस्टर आणि टर्बो दोन्ही कोंबलेलं असतं. मालकाने धंदा बरोबर केला.

न्यूजर्सीकर_काका

धागा वाचून उचकी लागली. आमच्याकडे बेसमेंटमध्ये एनईएस, एसएनईएस (सुपर एनईएस), एन६४ (निन्टेन्डो ६४) सगळं आहे, इथे गराज सेलमध्ये लोक फेकल्यासारखं विकायचे पूर्वी, आता भाव चढलेत.

अवनीताईंनी लिहिलं त्याला पुस्ती. पुढच्या एसएनईएसने (१९९०, जपानमध्ये) तीच पद्धत ठेवली, फक्त आठऐवजी सोळा क्लॉक, त्यात बारा बटणं. सॉकेटचा आकार मात्र बदलला. त्यामुळे एसएनईएसच्या पॅडला एनईएसचं प्लग जोडलं तर तो एनईएसवर चालतो. मी केलाय, गोलसर असल्याने हाताला बरा वाटतो. एनईएस पहिले आठच विचारतो. एसएनईएसमध्ये पहिली दोन बटणं बी आणि वाय आहेत, ती एनईएसला ए आणि बी म्हणून दिसतात, पुढची सहा तंतोतंत तीच. हे कुणीतरी विचार करून ठेवलेलं दिसतं. उलट, सेगाचा आकार जुळतो आणि आत काहीच जुळत नाही!

एन६४ (१९९६) मध्ये तर त्यांनी कमाल केली, फक्त तीन वायरी. ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा. क्लॉकच नाही. एकाच वायरीवर कन्सोल विचारतो आणि त्याच वायरीवर पॅड उत्तर देतं. प्रत्येक बिटला चार मायक्रोसेकंद, एक म्हणायचं असेल तर वायर एक मायक्रोसेकंद खाली आणि तीन वर, शून्य असेल तर तीन खाली आणि एक वर. त्यामुळे पॅडमध्ये आता अक्कल असलेली चिप लागते. आणि त्याची ती मधली काडी, ती पोटेन्शिओमीटरवर नाही, जुन्या बॉलवाल्या माऊससारखी भोकांच्या चकत्या आणि प्रकाशाचे सेन्सर आहेत आत. बॉक्स चालू करताना काडी जिथे असेल तिथे शून्य धरतो. पोरं काडी वाकडी धरून चालू करतात आणि मग गाडी एकाच बाजूला जाते म्हणून रडतात. एल, आर आणि स्टार्ट एकदम दाबा, शून्य परत बसतं.

वैतागवाडीकर

काका, प्लेस्टेशनचं पण सांगा, आमच्या घरी तेच होतं, दुसरं काही कधी आलंच नाही.

न्यूजर्सीकर_काका

पोराचा होता, त्यामुळे थोडंफार माहितीये. १९९४ च्या प्लेस्टेशनला क्लॉक आहे, पण जाण्याची आणि येण्याची वायर वेगळी, म्हणजे कन्सोल बोलत असताना त्याच वेळी पॅड उत्तर देऊ शकतं. शिवाय प्रत्येक बाइट मिळाला की पॅडने पोचपावती द्यायची, त्याची निराळी वायर. पॅड आणि त्याच्या वरच्या खाचेतलं मेमरी कार्ड एकाच वायरींवर लटकलेले असतात, कन्सोलचा पहिला बाइट ०१ असेल तर पॅडने बोलायचं, ८१ असेल तर कार्डाने. १९९७ चा ड्युअलशॉक थरथरतो, त्या मोटरसाठी साडेसात व्होल्टची वेगळी पिन आधीपासूनच तिथे होती.

टोणगा

सगळं ठीक, गनचं कोणीच बोलत नाहीये. आमच्या वर्गातला एकजण गन पिवळ्या बल्बकडे धरायचा आणि ट्रिगर ओढला की बदक पडायचं. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे ती गन आंधळी असते, उजेड दिसला की गोळी लागली.

अवनी_फ्रेमवाली

बल्बचं मला पटत नाही. डक हंटमध्ये ट्रिगर ओढला की आधी सगळा स्क्रीन एका फ्रेमपुरता काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, दोन बदकं असतील तर एकेका फ्रेमला एकेक. गनमध्ये फक्त लेन्स आणि फोटोडायोड आहे, ती काही मारत नाही, ती बघते. काळ्या फ्रेमला अंधार आणि नंतरच्याला उजेड दिसला तरच बदक पडतं. बल्ब दोन्ही वेळेला उजेडच दाखवणार. शिवाय निन्टेन्डोच्या ओरिजिनल गनमधलं (झॅपर) सर्किट साधारण १५ किलोहर्ट्झच्या चमकण्यालाच दाद देतं, जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर सेकंदाला तेवढ्या रेघा काढल्या जातात. घरच्या बल्बची थरथर त्याच्या जवळपासही नाही.

मारिओजी, तुमची गन याचमुळे चालत नाही, तिचा दोष नाही. एलईडी टीव्ही तशा रेघा काढत नाही आणि चित्र काही फ्रेम उशिरा दाखवतो, तोवर कन्सोलचं बघून झालेलं असतं. कुठलंही कनव्हर्टर लावलं तरी उपयोग नाही. ट्यूबचा टीव्ही शोधा.

टोणगा

ओरिजिनल गन कुणाच्या बापाकडे होती ताई. आमच्या गनमध्ये फिल्टरबिल्टर काही नसणार. आणि कॅसेटपण '९९९९९९ इन १' वाली होती, त्यात काळी फ्रेम तपासत असतील याची काय गॅरंटी.

अवनी_फ्रेमवाली

फिल्टर नसेल हे मान्य. काळी फ्रेम तपासणं गेममध्येच आहे, ते कॅसेटवाल्याने मुद्दाम काढलं असेल असं वाटत नाही. बल्ब हाताच्या सावलीने झाकला-उघडला असेल तर गोष्ट वेगळी.

टोणगा

तो वर्गमित्र आता पोलिसात आहे. विचारतो त्यालाच.

मिरजेचा_मारिओ

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, दंडवत घ्या. मल्टिमीटर शेजारच्या वायरमनकडून आणलाय, उद्या मोजतो. तोवर यूएसबीचं कोणी सांगेल का? प्लग कापून पाच वायरी जोडल्या तर नाही का चालणार? यूएसबीतही पाच व्होल्टच असतात म्हणे.

पिंपरीचा_प्रोसेसर

नाही चालणार, आणि इथे दोन उलट गोष्टी आहेत त्या लोक नेहमी एकत्र करतात.

जुना पॅड नव्या कॉम्प्युटरला लावणं सोपं आहे. पाच वायरी एका आर्डुइनोला (प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड) जोडायच्या, लॅच आणि क्लॉक आपण द्यायचे, आलेली हजेरी यूएसबी गेमपॅड म्हणून कॉम्प्युटरला सांगायची. त्यासाठी लिओनार्दो किंवा प्रो मायक्रो जातीचा बोर्ड घ्या, त्यातल्या ३२यू४ चिपला स्वतःचं यूएसबी आहे, साध्या ऊनोच्या मुख्य चिपला नाही. तयार प्रोग्राम आंतरजालावर फुकट आहेत. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सगळं सामान मिळतं.

नवा पॅड जुन्या बॉक्सला लावणं याच्या उलट. यूएसबीत कायम एक यजमान लागतो, तो विचारणार, ओळख करून घेणार, पॅड नुसतं बोलावलं की बोलतं. तुमच्या बॉक्सला यूएसबी म्हणजे काय हेच माहीत नाही. म्हणजे मध्ये असं काहीतरी हवं जे एका बाजूने पॅडचं यजमानपद करेल आणि दुसऱ्या बाजूने ४०२१ असल्याचं सोंग घेईल, तेही कन्सोलच्या क्लॉकला एका क्षणाचाही उशीर न करता. कन्सोल थांबत नाही कुणासाठी.

यावरचा सध्याचा चांगला उपाय म्हणजे ब्लूरेट्रो नावाचा प्रोग्राम, ओपन सोर्स आहे, ईएसपी३२ नावाच्या छोट्या बोर्डावर चालतो, ब्लूटूथचे पॅड घेतो आणि बऱ्याच जुन्या कन्सोलांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलतो. पण बोर्ड घेताना जुना साधा ईएसपी३२ च घ्या. एस३ किंवा सी३ नावाचे नवे बोर्ड दिसायला भारी, पण त्यात फक्त लो एनर्जी ब्लूटूथ आहे आणि प्लेस्टेशन ४ वगैरेचे पॅड क्लासिक ब्लूटूथवर बोलतात, ते जोडलेच जाणार नाहीत. आणि ईएसपी३२ ३.३ व्होल्टचा, तुमचा बॉक्स पाचचा, मध्ये लेव्हल शिफ्टर टाका.

खुट्टा_बळकट

वायर सोडून ब्लूटूथ लावलं की गेमची मजा जाते. उडी उशिरा लागते. वायर ती वायर. माझ्यापुरता विषय संपला.

पिंपरीचा_प्रोसेसर

पालवर एक फ्रेम २० मिलिसेकंदांची, एनटीएससीवर (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) १६.७. कन्सोल पॅडला फ्रेममध्ये एकदाच विचारतो. चांगलं ब्लूटूथ त्या एका फ्रेमच्या आत बसतं. वायरवाला यूएसबी पॅडसुद्धा विंडोजवर साधारणपणे ८ मिलिसेकंदांनी एकदा विचारला जातो, तेव्हा 'वायर म्हणजे लगेच' हेही खरं नाही. खरी गोम टीव्हीत आहे. एलईडी टीव्ही चित्र सुधारण्याच्या नादात कित्येक फ्रेम खातो. सेटिंगमध्ये गेम मोड लावून बघा, तुमची उडी परत येईल.

खुट्टा_बळकट

माझ्याकडे २१ इंची ट्यूब आहे. मला गेम मोड लागत नाही.

टोणगा

मग गनवाल्या मारिओला द्या तो टीव्ही.

खुट्टा_बळकट

हात लावून दाखवा.

मिरजेचा_मारिओ

मोजलं. पाच व्होल्ट सहाव्या पिनवर, ग्राउंड आठव्यावर, अगदी बाबा म्हणाले तसंच. दोन, तीन, चार या पिनांवर कमीजास्त काहीतरी दिसतं. सेगाचा पॅड भावाला परत देऊन टाकला. चांगल्या (म्हणजे ए बटण मेलेल्या) रिमोटचं झाकण उघडलं, आत तो काळा ठिपका आहे आणि वायरी पाचच आहेत, रंग मात्र दोन्ही रिमोटना वेगवेगळे. उंदीरवाल्यात पिवळी जिथे जाते तिथे दुसऱ्यात हिरवी.

सोल्डरबाबा

रंगावर कधीच जाऊ नका, कारखान्यात त्या दिवशी जी रिळं शिल्लक असतील ती लावतात. मीटर बीपवर ठेवा आणि प्लगची पिन ते बोर्डाचा टाका असं एकेक जुळवून कागदावर लिहा. उंदीरवाली वायर तुटल्या जागी जोडायच्या भानगडीत पडू नका, आतले तांब्याचे केस फार बारीक असतात, गणपतीत पोरांच्या ओढाताणीत पहिल्याच दिवशी सुटतील. प्लगपासून चारेक इंच ठेवून बाकी काढा आणि मध्ये नेटवर्कची लॅन केबल टाका, ती मल्टिस्ट्रँडवाली घ्या, भिंतीतली कडक एकेरी तारवाली नको. आठ तारा असतात, पाच लागतात. प्रत्येक जोडावर वेगळं श्रिंक स्लीव्ह. आणि वायर झाकणात शिरते तिथे गाठ मारा, ओढ टाक्यावर यायला नको.

सुगरण_सोनल

ए बटणाचं मी सांगते, माझ्या रिमोटचं मीच केलं होतं. बटणाखाली रबराची टोपी असते, तिच्या पोटाला काळी कार्बनची गोळी. ती बोर्डावरच्या दोन पट्ट्यांना टेकते तेव्हा बटण लागतं. वर्षानुवर्षांचा घाम आणि चिवड्याचं तेल आत जाऊन थर बसलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, बोर्ड आणि गोळी दोन्ही हलक्या हाताने पुसा. घासू नका, नाहीतर कार्बनच निघून येतो. गोळी झिजली असेल तर सिलेक्टची टोपी काढून एला लावा, बहुतेक वेळा माप तेच असतं. सिलेक्ट कोण दाबतं.

नाशिकचा_निंजा

सिलेक्ट नसेल तर टू प्लेअर कसं निवडणार?

सुगरण_सोनल

दुसऱ्या रिमोटचा सिलेक्ट काढायचा. ओरिजिनल फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला सिलेक्ट आणि स्टार्ट नव्हतेच, त्याऐवजी छोटा माइक होता.

अवनी_फ्रेमवाली

बरोबर, आणि झेल्डाच्या जपानी आवृत्तीत लांब कानांचे राक्षस त्या माइकमध्ये ओरडून मारायचे. अमेरिकेत पॅडला माइकच नव्हता, तरी तिकडच्या पुस्तिकेत 'यांना मोठा आवाज सहन होत नाही' असं छापून राहिलं. पोरं बासरी वाजवत बसली असतील.

मिरजेचा_मारिओ

सोनलताई, ए बटण लागलं! नुसतं पुसल्यावर. काय काय निघालं आतून ते विचारू नका. लॅन केबलचं शनिवारी करतो, वायरमनच सोल्डरिंग गन देणार आहे.

वैतागवाडीकर

अभिनंदन. आता माझंही ऐका. या धाग्यामुळे मेव्हण्याकडून मेगा ड्राइव्ह आणला, पॅड सहा बटणांचा आहे, एक्स वाय झेडवाला. नवे गेम मस्त चालतात, पण एका जुन्या गेममध्ये नुसतं चालताना मध्येच दुसरंच काहीतरी दाबल्यासारखं होतं. पिनांची मापं घेऊ का मीपण?

पिंपरीचा_प्रोसेसर

पिना ठीक आहेत. सहा बटणांचं पॅड सातव्या पिनवरचे टप्पे मोजतं. कन्सोलने निवड पटापट वरखाली केली की तिसऱ्या वेळेनंतर ते त्याच वायरींवर एक्स, वाय, झेड आणि मोड सांगायला लागतं, थोडा वेळ शांतता मिळाली की मोजणी परत शून्यावर. जुन्या गेमला हे माहीतच नाही. तो एका फ्रेममध्ये पॅड पुन्हा पुन्हा वाचत असेल तर झेडला भलतंच काहीतरी समजतो. त्यासाठीच वर ते मोड बटण दिलंय. मोड दाबून धरा आणि तसंच धरून कन्सोल चालू करा, पॅड तीन बटणांचं होऊन बसतं.

वैतागवाडीकर

चाललं! मेव्हण्याला सांगत नाही, त्याला वाटतंय खराब आहे.